कंपनीची जन्मपत्रिका

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात कंपनीच्या कायदेशीर कागदांविषयी लिहावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. मराठीच्या अध्यापकाने तर त्या वाटेला जाऊच नये, असेही कोणी म्हणेल. परंतु या नगरातील जुन्या संस्थांविषयी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा माझ्या मनात प्रथम आल्या त्या संस्थांच्या इमारती नव्हेत, तर त्यांच्या मुळाशी असलेल्या सह्या. ब्रिटिश मुलखात १८६० साली जो संस्था नोंदणी कायदा झाला, त्याने वाङ्मयीन, शास्त्रीय वा धर्मादाय कार्यासाठी एकत्र येणाऱ्यांना एकच अट घातली: निदान सात जणांनी आपल्या हेतूच्या पत्रकावर सही करावी आणि ते निबंधकाकडे दाखल करावे. व्यापारी कंपनीसाठीही त्या काळी सातच सह्या लागत. वाचनालय आणि कापडाची गिरणी ही अशी एकाच पाळण्यात वाढलेली भावंडे आहेत. फरक इतकाच की, वाचनालय विसर्जित झाले तर शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाते.

त्यापूर्वी आपल्याकडे व्यापार नव्हता असे नाही. बडोद्यात हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्या खुद्द दरबाराला कर्जे देत. पण पेढी म्हणजे घराणे. घराण्यात वाटण्या झाल्या, कर्ता पुरुष गेला, की पेढीचे पाय डगमगत. बुडाली तर मालकाच्या वाड्यापर्यंत आणि बायकोच्या दागिन्यांपर्यंत धनको पोहोचत. पेढीची पत म्हणजे माणसाची पत, आणि तिचे नियम कोठे लिहिलेले नसून मुनिमाच्या डोक्यात असत.

इंग्लंडात सुरुवातीला कंपनी जन्माला येई ती राजाच्या सनदेने. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची. सनद ही कृपा होती, हक्क नव्हे. १८४४ च्या कायद्याने केवळ नोंदणी करून कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली, पण भागधारकांना एका लांबलचक करारपत्रावर सह्या कराव्या लागत. १८५६ साली त्या करारपत्राचे दोन तुकडे झाले. एक घटनापत्रक, दुसरी नियमावली. आपल्याकडे ही पद्धत १८५७ च्या कायद्याने आली, आणि तिच्यासोबत भागधारकाची मर्यादित जबाबदारीही. बँकांना मात्र या सवलतीसाठी १८६० पर्यंत थांबावे लागले. लोकांच्या ठेवींशी ज्यांचा संबंध, त्यांना मोकळीक देताना सरकारचा हात आखडत होता.

घटनापत्रकात गोष्टी मोजक्याच: कंपनीचे नाव, तिचे नोंदलेले ठिकाण, तिचे उद्देश, भागधारकांची जबाबदारी आणि भांडवल. हा कागद बाहेरच्या जगासाठी असतो. नियमावली ही घरातली रीत: सभा कशी बोलवावी, मते कशी मोजावीत, संचालक किती असावेत, भाग हस्तांतरित कसे करावेत. नियमावली भागधारकांना विशेष ठरावाने बदलता येई. घटनापत्रकातील उद्देशांना मात्र सहजासहजी हात लावता येत नसे. १८७५ साली इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेने अॅशबरी कंपनीच्या खटल्यात तर असा निवाडा दिला की, रेल्वेचे डबे बांधण्यासाठी काढलेल्या कंपनीने बेल्जियममध्ये लोहमार्ग बांधण्याच्या कामासाठी केलेला करार मुळातच शून्य, मग साऱ्या भागधारकांनी एकमुखाने मान्यता दिली तरी. जन्मपत्रिकेत जे नाही, ते कंपनीला करताच येत नाही.

या कागदांतील एका कलमाने काय अनर्थ होतो, याचा धडा मुंबईने त्याआधीच घेतला होता. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचे हात तिच्या सनदेने बांधून ठेवले होते. कंपन्यांच्या भागांच्या तारणावर तिला कर्ज देता येत नसे. १८६३ साली नवा कायदा झाला आणि ही गाठ सैल झाली. तो काळ अमेरिकेतील यादवीचा. मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेला पैसा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांत ओतला जाऊ लागला. बँकेने त्याच भागांवर कर्जे दिली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. १ जुलैला वायद्याचे व्यवहार चुकते करायचे होते, तेव्हा चुकते करायला कोणाकडे काही उरले नव्हते. १८६८ साली बँक गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने चौकशी केली. चिटणिसांचा अप्रामाणिकपणा आणि संचालकांची बेफिकिरी त्यांनी नोंदलीच. पण कारणांच्या यादीत पहिले स्थान दिले ते १८६३ च्या त्या कायद्याला. माणसे वाईट होतीच. आधीच्या कागदाने मात्र त्यांना वाईट वागण्याची इतकी जागा दिली नव्हती.

ही आठवण ज्या पिढीच्या मनात ताजी होती, तिच्याच काळात श्रीमंत सयाजीराव महाराजांचा कारभार सुरू झाला. बडोदे संस्थानाने १८९७ साली स्वतःचा कंपनी कायदा केला, आणि त्याच कायद्याखाली २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची नोंदणी झाली. वसूल भांडवल दहा लाख रुपये. महाराजांना एका हुकुमाने दरबारी बँक काढता आली असती. खजिना त्यांचाच होता. ती त्यांनी कंपनी म्हणून काढू दिली, यात मला त्यांची दूरदृष्टी दिसते. हुकुमाने काढलेली संस्था हुकूम देणाऱ्याबरोबर जाते. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार संपला, पण बँकेचे दरवाजे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे उघडले. ज्या कायद्याने तिला जन्म दिला तो गेला, तरी त्याखाली निर्माण झालेली व्यक्ती टिकली. (व्यक्ती हा शब्द येथे कायद्याच्या अर्थाने घ्यावा.)

पण कागदाचे बळही अमर नसते. १९ जुलै १९६९ रोजी, बँकेला एकसष्ट वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना, चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रुस्तम कूपर यांच्याकडे बँक ऑफ बडोदाचेही भाग होते. तेथे मोठा पेच पडला. कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असली तरी नागरिक नव्हे. मग नागरिकाचे मूलभूत हक्क तिला कसे मागता येणार? आणि कंपनीचे नुकसान झाले म्हणून भागधारकाने का रडावे? न्यायालयाने भागधारकाचे स्वतःचे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा रद्द ठरवला. चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला, पाठोपाठ १९७० चा कायदा झाला. त्या कायद्याने बँकेचा सारा व्यवसाय त्याच नावाच्या नव्या बँकेकडे गेला, जिचा जन्म सह्यांतून नव्हे, तर संसदेच्या कायद्यातून झाला. नाव तेच, व्यवसाय तोच; १९०८ च्या घटनापत्रकाखाली मात्र चालवण्यासारखी बँक उरली नाही.

इतर कंपन्यांचे हे कागद अद्याप चालूच आहेत. २०१३ च्या कायद्यातही घटनापत्रक आणि नियमावली आहेत. सार्वजनिक कंपनीला अजूनही सात जण लागतात, खासगीला दोन, आणि एकाच माणसाची कंपनीही आता काढता येते. सात सह्यांमागे जी एकमेकांवर नजर ठेवण्याची सोय होती, ती एका सहीत कशी राहावी, हे मला उमगलेले नाही.

आमच्या आजोबांनी एका कारखान्याचे भाग घेतले होते. नाव सांगत नाही. कारखानाही राहिला नाही. तो साबण करण्यासाठी निघाला आणि संचालकांनी पैसा नातलगांच्या जमिनीच्या व्यवहारांत घातला. आजोबांनी वकील गाठला. वकिलाने घटनापत्रकाची पुस्तिका पुढे केली. उद्देशांची यादी दोन पानांची होती, साबणापासून सावकारीपर्यंत सर्व काही तीत होते, आणि प्रत्येक उद्देश स्वतंत्र समजावा, असेही शेवटी छापले होते. लॉर्ड्स सभेने १९१८ साली, रबराचे मळे लावण्यासाठी निघालेल्या एका कंपनीने तेल कंपनीच्या भागांची हमी घेतली तेव्हा, अशाच यादीवर नाराजी व्यक्त करूनही ती मान्य केली होती, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आले. आजोबांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती पुस्तिका मजजवळ आहे. दुसऱ्या पानावर, सावकारीच्या कलमाशेजारी, त्यांनी शिसपेन्सिलीने एक उभी रेघ ओढली आहे आणि तिच्याखाली मोडीत लिहिले आहे, "हे आधी वाचावयास हवे होते."