चुन्याचा हिशेब

मांडव्याच्या आमच्या जुन्या घरात दिवाळीआधी सफेदीचा एक दिवस असे. अंगणात पाण्याने भरलेले पिंप, शेजारी गोणपाटावर चुन्याची कळी. आजी एकेक खडा पाण्यात सोडी. क्षणभर काहीच होत नसे. मग खडा तडके, फुगे आणि पाणी खदखदू लागे. चूल नाही, लाकूड नाही, तरी पाणी उकळते! आजी आम्हाला दटावी, "लांब सरा, भट्टीतली आग अजून आहे तिच्यात."

यंदा त्या घराची भिंत दुरुस्तीला काढली. जुना गिलावा खरवडून सिमेंट मारू, असे गवंडी म्हणाला. पडलेल्या ढेकळांत शिंपल्यांचे अर्धवट भाजलेले तुकडे दिसले आणि आजीचे ते वाक्य तपासून पाहावेसे वाटले.

इथला दगड म्हणजे काळा पाषाण आणि जांभा. चुनखडक जवळ नाही, म्हणून किनाऱ्यावर चुना केला जाई तो शिंपल्यांचा, कालवांच्या कवचांचा. समोरच्या मुंबईत चुनाभट्टी हे नाव त्या धंद्याची आठवण अजून सांभाळून आहे. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कवचातला कर्बवायू निघून जातो; १०० किलो शुद्ध कवचांची ५६ किलो कळी उरते. ही क्रिया उष्णता खाते, १०० किलोंमागे सुमारे १७८ मेगाजूल. कागदावर १२ किलो सुक्या लाकडात भागावे. प्रत्यक्षात भट्टीची बरीच धग हवेत जाते, म्हणून जळण कितीतरी जास्त लागते.

थंड कळी पाण्याने पेटते, याचे नवल पाचव्या शतकात संत ऑगस्टिननेही केले होते. पुढे कित्येक शतके विद्वान मानत, की चुन्याचा दाहकपणा भट्टीतून शोषलेल्या अग्निद्रव्याचा आहे. १७५६ साली जोसेफ ब्लॅकने वजने करून दाखवले, की चुन्यात काही शिरत नाही, उलट त्यातून वायू निघून जातो. मग आजीची आग खोटी का?

उत्तर १८४० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जर्मेन हेस याने मांडलेल्या नियमात आहे. क्रिया एका टप्प्यात करा की अनेक, उष्णतेची बेरीज तीच येते. त्या ५६ किलो कळीत पाणी घातले, की ६५ मेगाजूल बाहेर पडतात. एक किलो कळी सुमारे ४ लिटर पाणी उकळीला आणू शकते. मग भिंतीवरचा चुना हवेतला कर्बवायू परत घेतो आणि पुन्हा कवचासारखा दगड होतो. त्यात ११३ मेगाजूल, पण इतक्या सावकाश की हाताला ऊब जाणवत नाही. ६५ आणि ११३ मिळून १७८. चुन्यात अग्निद्रव्य नव्हते, पण आगीचे देणे होते. 'चुना लावणे' म्हणजे फसवणे. हा हिशेब मात्र पैशाला चुकत नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठाले दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत. लाटांचे पाणी फटींतून निघून जावे म्हणून, असे सांगतात. त्या दगडांसाठी भट्टीही पेटवावी लागली नाही. जिथे बांधकाम चुनेगच्ची झाले, तिथे प्रत्येक घमेल्यामागे कुणीतरी तोडलेली मोळी होती, धुरात आणि चुन्याच्या भुकटीत डोळे चोळणारे कुणीतरी होते. आपला इतिहास तोफा आणि गलबते मोजतो. मोळ्या मोजायचे राहून जाते.

गवंड्याला मी चुनाच लावायला सांगितले. जांभ्याची ओल चुन्यातून बाहेर पडते, हे कारण त्याला पटले. दुसरे कारण मी सांगितले नाही. नवा गिलावा पुरता दगड व्हायला काही वर्षे लागतील. तोवर कुठल्याशा भट्टीत कुणीतरी घातलेली आग ही भिंत हप्त्याहप्त्याने परत करत राहील.