दिनविशेष : ६ ऑक्टोबर १८२१
दक्षिणेतून उभी राहिलेली पाठशाळा

पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा सुरू केली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. खर्चाची सोय पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेच्या, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दानाच्या, रकमेतून झाली. धर्माच्या पैशाला राजसत्तेने हात घालणे नवे नव्हते. सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडून त्यांची मालमत्ता राजसत्तेकडे घेतली होती. त्याच देशाच्या माणसांनी पुण्यात मात्र धर्मादाय मोडला नाही, वळवला. कारण उघड आहे. हेन्री स्वतःच धर्मपीठाचा प्रमुख झाला होता. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याला परक्या राज्यासाठी विद्वान ब्राह्मणवर्गाची मान्यता हवी होती.

हा निव्वळ विद्याप्रेमाचा भाग होता, असे कुणी म्हणेल. एल्फिन्स्टनची शिक्षणाविषयीची आस्था खरीच. पण पाठशाळेत वेदशास्त्रे शिकवली जात आणि सुरुवातीला प्रवेश ब्राह्मणांपुरताच होता, हे विसरून चालणार नाही. हेन्रीनेही १५४६ मध्ये केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेज स्थापलेच होते. तेव्हा विद्येला आश्रय देणे आणि सत्ता पक्की करणे या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. दक्षिणेवरचा खरा प्रश्न पुढे समाजातूनच उठला. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी मागितला. सनातन्यांच्या विरोधात जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. राजसत्तेने पैशाची वाट बदलली. तो कोणाचा, हे विचारले ते पुणेकरांनी.