रोग्याच्या उशाशीं

पुण्याच्या सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभाची हकीकत अजून सांगितली जाते. बक्षीस घेण्यासाठीं एक तरुण विधवा व्यासपीठाकडे निघाली. केशवपन झालेलें, अंगावर तांबडें आलवण. सज्ज्यांत बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं तिची हुर्यो केली. समारंभाच्या शेवटीं रमाबाई रानडे बोलावयास उभ्या राहिल्या, तेव्हां त्यांचा संताप लपला नाहीं. हंसणाऱ्यांच्या स्वतःच्या घरींही अशीच एखादी बहीण, आत्या किंवा आई असेल, मग त्यांना सुशिक्षित कसें म्हणावें, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

अशा स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभें करण्यासाठीं सेवासदनानें जे मार्ग शोधले, त्यांत परिचारिकेचा धंदा लोकांना सर्वांत खटकणारा होता. घरच्या आजाऱ्याची उस्तवार करणें हें पुण्यकर्म; परक्याची, तीही पगार घेऊन, करणें मात्र हलकें! परपुरुषाचा स्पर्श, सोवळेंओवळें, रात्रपाळी, आक्षेपांना तोटा नव्हता.

हे आक्षेप केवळ आपल्याकडचे होते असें मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतही खानदानी घरची मुलगी इस्पितळांत नोकरी करते म्हटलें कीं नाकें मुरडलीं जात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिला घरच्यांनीं कित्येक वर्षें अडवून धरलें तें याचमुळें. पुढें १८५४ सालीं ती ३८ परिचारिका घेऊन स्कुतारीच्या लष्करी इस्पितळांत गेली. तेथील कामाच्या गौरवार्थ जो निधि जमला, त्यांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. अभ्यासक्रम एक वर्षाचा. राहणें, जेवण व पोशाख शाळेकडून, शिवाय वर्षाला दहा पौंड हातखर्चास.

तेथें काय शिकवीत? भाजलेल्या जागा व जखमा यांची मलमपट्टी, शेक व पोटिसें, जळवा लावणें, बंधनपट्ट्या गुंडाळणें, शस्त्रक्रियेच्या वेळीं मदतीस उभें राहणें, रोग्यासाठीं पेज आणि आरारूट करणें, खोलींत हवा खेळती ठेवणें. असहाय रोग्याला कुशीवर वळवून पाठीला अंथरुणाच्या जखमा होऊं न देणें, हेंही त्यांतच. यांतील निम्मीं कामें आपल्या घरांतील कोणतीही जाणती बाई करीत आलेली आहे. फरक एवढाच कीं, तीं येथें क्रमानें शिकवलीं जात, तपासलीं जात, आणि दरमहा प्रत्येकीच्या कामाची व वर्तनाची नोंद होई.

सर्वांत कठीण धडा निरीक्षणाचा होता. नाडी, त्वचा, भूक, थुंकी, जखमेचा रंग, सारें पाहावयाचें व नेमकें सांगावयाचें. डॉक्टर येऊन जातो. मधल्या तासांची साक्षीदार परिचारिकाच. ‘रात्र बरी गेली’ एवढ्यानें भागत नाहीं. झोप किती तास लागली, केव्हां मोडली, हें सांगतां आलें पाहिजे. १८५९ सालीं लिहिलेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत नाइटिंगेलबाईनें एक प्रकरण भेटीस येणाऱ्यांच्या पोकळ धीरावर आणि फुकटच्या सल्ल्यांवर खर्ची घातलें आहे. दाराआडच्या कुजबुजीनें रोग्याला किती त्रास होतो, हेंही ती सांगते. आपल्या घरांतील आजारपणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना हीं पानें परकीं वाटणार नाहींत.

या मूळ विद्येला लवकरच फांद्या फुटल्या. लिव्हरपूल येथें विल्यम रॅथबोन यानें १८५९ सालीं गरिबांच्या घरीं जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका नेमली. १८६१ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळांत सुईणींचें शिक्षण सुरू झालें. पण तेथें बाळंतरोगानें स्त्रिया दगावूं लागल्या, आणि १८६७ सालीं तें बंद करावें लागलें. नाइटिंगेलबाईच्या यशाच्या कथांत ही गोष्ट क्वचितच येते. वास्तविक प्रसूतीच्या कामाला किती निराळी दक्षता लागते, हें त्या बंद झालेल्या शाळेनेंच दाखवून दिलें.

हिंदुस्थानांत ती कधींच आली नाहीं. तरी येथील आरोग्याचा ध्यास तिला होता, आणि न्यायमूर्ति रानडे ज्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ होते, तिच्याशीं तिचा पत्रव्यवहार होता. मुंबईंत १८८६ सालीं स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. १८९१ सालीं शिक्षणास आलेल्या काशीबाई गणपत या पहिल्या हिंदी परिचारिका मानल्या जातात. रमाबाईंनीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें तें १९०९ सालीं. ससून रुग्णालय १८६७ पासून गांवांत होतेंच. तेथें शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठीं सेवासदनानें वसतिगृह काढलें, ही या हकीकतींतील कळीची गोष्ट. वर्गांतले धडे कोणीही दिले असते; परंतु मुलगी राहणार कोठें, जेवणार कोणाच्या हातचें, रात्रपाळीहून परतल्यावर दार उघडणार कोण, या प्रश्नांना उत्तर मिळाल्यावांचून पुण्यांतला एकही बाप किंवा सासरा राजी होणें शक्य नव्हतें. रमाबाई स्वतः इस्पितळांत जाऊन रोग्यांची विचारपूस करीत. त्यांच्यासारख्या बाईचें तें जाणें-येणें कोणत्याही व्याख्यानापेक्षां अधिक उपयोगी पडलें असावें.

पुढें शाखा वाढत गेल्या. १९१८ सालीं दिल्लीच्या लेडी रीडिंग आरोग्यशाळेंत घरोघर फिरून आया व मुलें यांची देखरेख करणाऱ्या स्त्रिया तयार होऊं लागल्या. शस्त्रक्रियागृह, बालरुग्ण, क्षय, मनोविकार, प्रत्येकासाठीं वेगळ्या तयारीची परिचारिका हवी असें ठरूं लागलें. संख्या मात्र फारच तोकडी. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत ४३,००० माणसांमागें एक परिचारिका असा हिशेब निघाला. त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचारिकांसाठीं विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. शारीरशास्त्र, जंतुशास्त्र, मानसशास्त्र हे विषय त्यांत आले. त्यांच्याबरोबर एक जुना धडाही राहिला: रोग्याला न उठवतां त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलावी.