शिरस्त्राणावरचे खड्डे

अपोलो मोहिमांत प्रत्येक अंतराळवीराजवळ किरणोत्साराचा मात्रामापक असे. त्यावरून एकूण मात्रा कळे. पण विश्वकिरणांतली लोखंडासारखी जड अणुकेंद्रके संख्येने थोडी असली, तरी एकेक केंद्रक वाटेतल्या पेशींची रांगच जायबंदी करू शकते. मेंदूतल्या पेशी गेल्या, की सहसा भरून येत नाहीत! मग ही केंद्रके मोजायची कशी?

साधन अंतराळवीरांच्या डोक्यावरच होते. अपोलो ८ (१९६८) आणि अपोलो १२ (१९६९) मधली शिरस्त्राणे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची होती. जड केंद्रक घुसले, की त्या रेषेतल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. आपल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. रसायनाने मात्र तुटलेला भाग आधी झिजतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखे खड्डे दिसतात. ते मोजून १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुद्दाम बनवलेल्या उपकरणापेक्षा आम्हाला हे शिरस्त्राणच अधिक भावते.