मस्टर मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा : जनसुनवाईची कुळकथा

राजस्थानात कोट किराना नावाचं गाव आहे; १९९४ मध्ये ते पाली जिल्ह्यात होतं. २ डिसेंबर १९९४ रोजी तिथे एक सभा भरली. सभेचं मुख्य काम एकच होतं, वाचन. पंचायतीच्या हद्दीत झालेल्या कामांची बिलं आणि मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि ज्याचं नाव येईल त्यानं उठून सांगायचं की आपण त्या कामावर होतो की नाही, आणि असलो तर हातात किती पैसे पडले. कामावर कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसांची हजेरी लागलेली निघाली. कागदोपत्री पुरी झालेली इमारत जागेवर अर्धवट उभी होती, आणि ती गावातल्या प्रत्येकानं पाहिलेली होती. स्वतंत्र भारतातल्या पारदर्शक कारभाराच्या चळवळीला एक नवी पद्धत त्या दिवशी मिळाली. तिचं नाव जनसुनवाई.

या पद्धतीचं मूळ मजुरीच्या भांडणात आहे. १९६८ साली आयएएसमध्ये दाखल झालेल्या अरुणा रॉय यांनी १९७५ मध्ये ती नोकरी सोडली. १९८७ मध्ये त्या, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांचे सहकारी देवडुंगरी या लहानशा वस्तीत मातीच्या घरात राहू लागले. १ मे १९९० रोजी जवळच्या भीम गावी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन झालं. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना कायद्यानं ठरलेली किमान मजुरी मिळत नव्हती, हे त्याचं पहिलं दुखणं. उपोषणं झाली, धरणी झाली. प्रत्येक वेळी उत्तर ठरलेलं असे : तुम्ही काम कमी केलं, मोजमाप पुस्तिकेत तशी नोंद आहे. मजूर म्हणत, मग ती नोंद दाखवा. ते मात्र होत नसे. सरकारी कागद गोपनीय असतात, असं सांगितलं जाई. या नकाराच्या पाठीशी इंग्रजांनी १९२३ मध्ये केलेला शासकीय गुपिते अधिनियम उभा होता.

१९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीची कामं पाहत आलेल्या महाराष्ट्राला मस्टर हा कागद चांगला ठाऊक आहे. मजुराचं नाव, हजेरीचे दिवस, मजुरीची रक्कम आणि शेवटी सही किंवा अंगठा. हा कागद मजुराच्या श्रमाचा एकमेव लेखी पुरावा असतो आणि तोच त्याच्यापासून लपवलेला असतो. राजस्थानातल्या मजुरांनी हे नेमकं ओळखलं. कागद बाहेर येत नाही तोवर आपण खोटेच ठरणार, ही त्यांची समज होती. माहितीच्या अधिकाराची मागणी अशी पोटाच्या प्रश्नातून आली.

कोट किरानानंतर त्याच महिन्यात भीम आणि विजयपुरा इथे, आणि पुढच्या काही महिन्यांत जवाजा आणि ठाणा इथे जनसुनवाया झाल्या. त्यांची रीतही ठरत गेली. आधी कागदांच्या प्रती मिळवायच्या. हे सर्वांत अवघड काम, कारण कायदा नव्हता आणि एखादा सहकार्य करणारा अधिकारी भेटण्यावरच सगळं अवलंबून होतं. मग त्या प्रती घेऊन घरोघर जायचं, नावं ताडून पाहायची, बांध, रस्ता, खोली प्रत्यक्ष मोजायची. शंकर सिंहांच्या कठपुतळ्या आणि गाणी गावोगाव निरोप पोचवत. सभेच्या दिवशी बाहेरून आलेल्या वकील, पत्रकार, शिक्षकांचं मंडळ बसे. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता यांनाही बोलावणं असे आणि त्यांची बाजू मांडायला मुभा असे. मंडळ शिक्षा सुनावत नसे. कागदाला आणि माणसाला समोरासमोर आणणं एवढंच त्या सभेचं काम.

एवढ्यानंही बरंच हललं. १९९८ मध्ये कुकरखेडा पंचायतीत हिशेबातली तफावत लोकांपुढे आल्यावर सरपंच बाईंनी एक लाख रुपये परत केले. २००१ मध्ये जनावद पंचायतीच्या सुनवाईनंतर सरकारला चौकशी नेमावी लागली आणि तिच्यात लाखो रुपयांचा अपहार उघड झाला.

दरम्यान गावच्या सभेतली मागणी राजधानीकडे निघाली होती. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी पंचायतींच्या कामांच्या कागदांच्या प्रती लोकांना मिळतील असं विधानसभेत जाहीर केलं. वर्ष उलटलं तरी आदेश निघाला नाही. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरातल्या चांग गेटजवळ चाळीस दिवस धरणं चाललं. बाजारातल्या लोकांनी धान्य आणि भाजी पुरवली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा या लढ्याची ओळख झाली. १९९७ मध्ये जयपूरला आणखी त्रेपन्न दिवस धरणं झालं. शेवटी सरकारनं सांगितलं की प्रती देण्याची अधिसूचना आपण काही महिन्यांपूर्वीच काढली आहे. लोकांना माहिती देण्याचा आदेशच लोकांपासून दडलेला राहिला होता.

ब्यावरच्या धरण्यानंतर १९९६ मध्ये माहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. कायद्याचा सुरुवातीचा महत्त्वाचा मसुदा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रेस कौन्सिलनं तयार केला. गोव्यानं १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राचा २००० चा कायदा तोकडा होता; अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे २००२ मध्ये त्याच्या जागी अधिक भक्कम तरतुदी आल्या. देशाचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नं ग्रामसभेवर सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लोकांनीच कामांचा हिशेब तपासण्याची, जबाबदारी टाकली. कोट किरानाची रीत अशी अकरा वर्षांत कायद्याच्या पुस्तकात आली.

आंध्र प्रदेशानं ती सर्वांत पद्धतशीरपणे राबवली. मजुरांच्याच घरांतल्या शिकलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण दिलं, त्यांनी गावोगाव नोंदी तपासल्या आणि मंडलाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या विभागाच्या, ठिकाणी अधिकाऱ्यांसमोर निष्कर्ष वाचले. मेघालयानं २०१७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. महाराष्ट्रात या कुळाची शाखा आरोग्याकडे वळली. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. उपकेंद्रात औषध होतं का, बाळंतपणासाठी पैसे मागितले का, हे प्रश्न गावकरी जनसुनवाईत थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारू लागले.

जगाच्या पातळीवर पाहिलं तर, २०११ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका यांच्यासह आठ देशांनी ‘ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप’ सुरू केली. सरकार आणि नागरी संघटना एका टेबलाशी बसून कारभार खुला करण्याची वचनं ठरवतील, हे तिचं सूत्र. भारत या भागीदारीत नाही. पण सत्ता आणि जनता समोरासमोर बसवण्याची एक भक्कम रीत इथल्या मजुरांनी त्याआधी जवळपास दोन दशकं घडवली होती, हे विसरता कामा नये.

आज मस्टर संगणकावर दिसतं. राजस्थाननं २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केलं, तेही याच चळवळीच्या आग्रहामुळे. पण पडद्यावरच्या यादीतलं नाव मेलेल्या माणसाचं आहे, हे त्याच्या शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून जनसुनवाईचा जीव नावात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, आणि सरकारी खर्चाच्या यादीतली नावं झाकायला सबब मिळण्याचा धोका निर्माण झाला. नावांशिवायचा हिशेब कुणालाच ताडून पाहता येत नाही. त्यामुळे आपल्या गावच्या ग्रामसभेत सामाजिक अंकेक्षणाचा विषय निघेल तेव्हा अहवालावर नुसती मान डोलावू नये. मस्टर मागावं, प्रत्येक नाव आणि रक्कम वाचायला लावावी, आणि ज्यांची नावं येतील त्यांना बोलू द्यावं. कायद्यानं दिलेला हक्क असाच वापरात राहतो.