एकूण खलाशी : एक

१९ सप्टेंबर १८९७. हात जोशुआ स्लोकमचे आहेत, ‘स्प्रे’ या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या खलाशाचे; वय ५३, तळव्यांना घट्टे पडलेले. ते तुम्हाला उसने मिळालेत. जुन्या आठवणी मात्र मिळालेल्या नाहीत, त्यामुळे समोरचं बंदर तुम्हाला पूर्ण नवखं आहे.

आधी डोंगरांची रांग दिसते. त्यातल्या एकाच्या टोकावर आता पडेल की मग अशा बेताने एक धोंडा बसलाय. तो पीटर बोथ. म्हणजे मॉरिशस, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी पोर्ट लुई.

रॉड्रिग्जहून इथवर तीन दिवस लागले. त्याआधी कोकोस बेटांपर्यंतचे २,७०० सागरी मैल ‘स्प्रे’ने २३ दिवसांत कापले आणि त्यात सुकाणू हाती धरावं लागलं ते जेमतेम तीन तास. एरवी ते बांधून ठेवायचं नि खुशाल पुस्तक वाचत बसायचं. भर समुद्रात एकट्याला फारसं काम नसतंच. जमीन दिसली की खरी पंचाईत सुरू होते.

बेटाच्या आडोशाला आल्यावर वारा डोंगरावरून झोत मारतो, मध्येच पडतो. दोन्ही बाजूंना प्रवाळाचे खडक. साखर न्यायला आलेली तीन-तीन डोलकाठ्यांची जहाजं नांगरून उभी आहेत. प्रत्येकावर दहा-वीस माणसं, आणि सगळी कठड्याला टेकून तुमच्याकडेच बघतायत. शीड उतरवायला पुढे धावावं तर सुकाणू सुटतं, सुकाणू धरावं तर नांगर कोण सोडणार? ३७ फुटांची होडी अशा वेळी फार लांब वाटते.

दुपारी क्वारंटाइनच्या जागी नांगर पडतो. मुंबईत गेल्या वर्षापासून प्लेग आहे. या महासागरातला कुठलाही बंदर-डॉक्टर माणसं मोजल्याशिवाय कुणाला आत सोडायचा नाही. हाही मोजायलाच आलाय, पण मोजणी एकाच्या पुढे जात नाही. बाकीचे खाली लपवलेत की काय, ही शंका त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शेवटी कागद काढता. बंदरामागून बंदर, एकूण खलाशी : एक. इतक्या लांब एकटा आला म्हणजे धडधाकटच असणार, हे त्याला पटतं आणि त्याचीच लाँच तुम्हाला आत ओढून नेते. डोळ्यांना दिसलेल्या एकटेपणावर विश्वास नाही, कागदावरच्यावर आहे. सरकारी माणूस कुठलाही असो!

मग टपाल खात्याचा अधिकारी येतो. त्याचं नाव रॉड्रिग्जमध्येच कळलेलं, म्हणून तुम्ही त्याला नावानिशी हाक मारता. तो चक्रावतो. तुम्ही गंभीरपणे सांगता की, आपण तीन हजार वर्षांपूर्वी याहून गरम जागी एकत्र कामाला होतो. झालं! अंधार पडल्यावर या होडीवर पाय ठेवला तर सैतान धरतो, अशी बोलवा बंदरभर होते. एकट्या माणसाला याहून स्वस्त पहारेकरी मिळायचा नाही. पुढे धुरी दिलेल्या माशांची एक पेटी चोरीला गेली, पण ती दिवसाढवळ्या. सैतानाची पाळी बहुधा रात्रीचीच असावी.

धक्क्यावर जायला तुमच्याकडे अर्धी होडी आहे, अक्षरशः अर्धी. अख्खी एकट्याला उचलेना, म्हणून स्लोकमने ती मधोमध कापली. कपडेही तिच्यातच धुतो. तिच्यातून वल्हवत जाताना पलीकडे कुली घाट दिसतो. सोळा दगडी पायऱ्या. करार करून आलेले लाखो मजूर याच वाटेने आत गेले, त्यांत आपले रत्नागिरीकडचेही. त्यांचीही मोजणी झाली : नाव, क्रमांक, पुढे फोटोसुद्धा. तुमच्या कागदाला सगळे कौतुकाने हसले. त्यांच्या कागदाला कोण हसणार?

धक्क्याला लागता. दोरी हातात धरून उभे असताना साखरेची पोती चढवणाऱ्या पडावातून ओरडा येतो, “अरे सोड ना ती दोरी!” स्लोकमला यातलं अक्षर कळलं नसतं. पण कान तुमचे आहेत. हाक दुसऱ्याच कुणाला होती हे लक्षात येईपर्यंत अर्धी होडी चार हात दूर गेलेली असते.