तंबूंतला गवई

वॉल्ट डिस्नेच्या १९४० सालच्या ‘पिनोकिओ’ या चित्रपटांत स्ट्रॉम्बोली नांवाचा एक कळसूत्री बाहुल्यांचा खेळवाला आहे. दोऱ्यांवांचून नाचणारा लांकडी मुलगा हातीं लागतांच तो त्याच्यावर भरपूर पैसा मिळवितो, त्याला पिंजऱ्यांत कोंडतो, आणि म्हातारा झालास म्हणजे तुझें सरपण करीन, अशी धमकी देतो. कोलोदी या इटालियन लेखकाच्या मूळ कथेंतला खेळवाला इतका दुष्ट नाहीं. तो अखेर द्रवतो आणि पोराला पांच सुवर्णमुद्रा देऊन निरोप देतो. हा निर्ढावलेला लोभ चित्रपटवाल्यांच्या पदरचा!

खेळवाल्याच्या हातीं परक्याची कला सांपडली म्हणजे तिचें काय होतें, हा प्रश्न महाराष्ट्रांतहि एकदां उभा राहिला होता. १८७९ च्या सुमारास किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. असा खेळ उभारणें हिंदी लोकांना साधावयाचें नाहीं, हे त्याचे उद्गार कुरुंदवाडकरांच्या पदरचे अश्वविद्याविशारद विष्णुपंत छत्रे यांना झोंबले, अशी आख्यायिका आहे. १८८० सालीं विष्णुपंतांनीं स्वतःची सर्कस काढली.

घोड्यांइतकाच त्यांना गाण्याचा नाद. ग्वाल्हेरीस हद्दूखांजवळ ते गाणें शिकले होते. हद्दूखांचे पुत्र रहिमतखां हे अलौकिक गळ्याचे गवई. परंतु चित्त बिघडून, अफूच्या आहारीं जाऊन ते काशीस भटकत होते, असें सांगतात. विष्णुपंतांनीं त्यांना आपल्याजवळ आणलें. मग वाघसिंहांच्या लवाजम्याबरोबर हा गवईहि गांवोगांव फिरूं लागला.

येथें स्ट्रॉम्बोलीची आठवण होणें साहजिक आहे. एकीकडे व्यवहार न कळणारा कलावंत, दुसरीकडे तिकिटें विकण्यांत मुरलेला मालक! पण विष्णुपंतांच्या लेखीं रहिमतखां हे गुरुपुत्र होते, आणि खरी कसोटी पुढेंच लागली. १९०५ सालीं विष्णुपंत वारले. गुरुऋण तेथेंच संपलें असतें, तरी कोणी नांवें ठेवलीं नसतीं. त्यांचे बंधु काशिनाथपंत यांनीं मात्र खांसाहेबांना अंतर दिलें नाहीं. म्हातारपण आलें, लहरीपणा होताच. तरी सांभाळ सुटला नाहीं. १९२२ सालीं कुरुंदवाड येथें खांसाहेबांचा अंत झाला.

किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखांच्या गायकीवर त्यांची छाप पडली, हें जाणकार मानतात. उतारवयांतल्या त्यांच्या आवाजाच्या थोड्या तबकड्या मागें राहिल्या आहेत, आणि त्या आजहि ऐकावयास मिळतात.